गढूळ हवेचे माप घेणाऱ्या ॲना मणी

दिवाळीच्या सुमारास अस्तंब्याच्या यात्रेसाठी तळोद्यात भाविकांची लगबग सुरू होते. चार महिन्यांच्या पावसाने हवा धुऊन निघालेली असते आणि गावाच्या उत्तरेकडील सातपुड्याची रांग अगदी जवळ आल्यासारखी वाटते. कड्यांवरील घळी आणि चांदसैलीच्या बाजूचे उतारही नुसत्या डोळ्यांनी दिसतात. हाच सातपुडा चैत्र-वैशाखात मात्र पुसट होत जातो. कधी निळसर, कधी मातकट पडद्यामागे दडतो. डोंगर जागचा हललेला नसतो. बदललेली असते ती मधली हवा. नांगरलेल्या शेतांतील धूळ, चुलींचा धूर, बांधावर पेटविलेला काडीकचरा यांचे असंख्य कण त्या हवेत तरंगत असतात आणि येणारा प्रकाश अडवून विखरून टाकतात.

तळोद्यात डोंगर जे काम करतो, ते मुंबई-पुण्यासारख्या शहरांत उंच इमारती करतात. हिवाळ्यातील सकाळी समोरचा मनोरा दिसेनासा झाला, की हवा बिघडल्याचे नागरिकांना कळते. पण डोळ्यांना जाणवणारा हा फरक आकड्यात मांडायचा कसा? मांडलेला आकडा खरा कशावरून मानायचा? एका शहराचा आकडा दुसऱ्या शहराशी आणि यंदाचा आकडा २० वर्षांपूर्वीच्या आकड्याशी ताडून पाहता येईल, याची हमी कोणी द्यायची? आज मोबाइलच्या पडद्यावर हवेचा दर्जा क्षणोक्षणी झळकत असताना हे प्रश्न कोणाला फारसे पडत नाहीत. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दोन दशकांत पुण्यात बसून ज्यांनी या प्रश्नांचा पाठपुरावा केला, त्यांत ॲना मणी यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल.

भारतीय हवामान खात्याच्या उपकरण विभागाच्या प्रमुख आणि पुढे खात्याच्या उपमहासंचालक झालेल्या ॲना मणी यांची ओळख सामान्यतः सौर आणि पवन ऊर्जेच्या अभ्यासाशी जोडली जाते. ती योग्यच आहे. मात्र सूर्यप्रकाश मोजता मोजता त्याच्या वाटेत येणाऱ्या धुळीचे आणि धुराचे मापही त्यांनी घेतले. त्यांच्या कार्याची ही बाजू आज शहरे गुदमरत असताना अधिक महत्त्वाची ठरते.

कर्णफुलांऐवजी ज्ञानकोश

ॲना मणी यांचा जन्म २३ ऑगस्ट १९१८ रोजी तेव्हाच्या त्रावणकोर संस्थानातील पीरमेड येथे एका सुखवस्तू सीरियन ख्रिस्ती कुटुंबात झाला. वडील स्थापत्य अभियंता होते आणि कुटुंबाचे वेलदोड्याचे मळे होते. आठ भावंडांत त्या सातव्या. मुलांनी शिकून मोठ्या पदांवर जावे आणि मुलींची लग्ने वेळेवर व्हावीत, अशी त्या काळातील घरांप्रमाणेच याही घराची धारणा होती. आठव्या वाढदिवशी मुलीला हिऱ्याची कर्णफुले देण्याची घरात रीत होती. छोट्या ॲनाने ती नाकारली आणि त्याऐवजी एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकाचे खंड मागून घेतले.

१९२५ साली वैकोमचा सत्याग्रह सुरू असताना महात्मा गांधी त्या भागात आले होते. मंदिराभोवतीच्या रस्त्यांवरून चालण्याचा हक्क सर्व जातींच्या लोकांना मिळावा, यासाठीचा तो लढा होता. त्या वातावरणाचा ॲना यांच्या बालमनावर खोल ठसा उमटला. खादीचा स्वीकार त्यांनी त्यातूनच केला. स्वदेशी ही त्यांच्यासाठी केवळ वस्त्राची बाब राहिली नाही. देशाला लागणारी उपकरणे देशातच तयार झाली पाहिजेत, हा पुढील आयुष्यातील त्यांचा आग्रह याच संस्कारातून आला असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

वैद्यकीय शिक्षण घेण्याचा विचार मागे पडला आणि त्या भौतिकशास्त्राकडे वळल्या. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून १९३९ मध्ये त्यांनी भौतिकशास्त्रातील ऑनर्स पदवी मिळविली. १९४० मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत संशोधनासाठी शिष्यवृत्ती मिळाली आणि नोबेल विजेते डॉ. सी. व्ही. रामन यांच्या प्रयोगशाळेचे दार त्यांना उघडले. त्या दारातून आत जाणाऱ्या स्त्रिया तेव्हा बोटांवर मोजण्याइतक्याच होत्या.

हिऱ्यांचा अभ्यास, पदवी मात्र नाही

रामन यांना त्या काळात हिऱ्यांच्या गुणधर्मांनी झपाटले होते. ॲना मणी यांच्याकडे हिरे आणि माणकांच्या वर्णपटांचा अभ्यास आला. लहानपणी अंगावर घालण्यास नाकारलेले हिरे आता उपकरणासमोर ठेवायचे होते. ३० हून अधिक हिऱ्यांतून प्रकाश कसा शोषला जातो, कसा विखुरतो आणि हिरा स्वतः कसा चमकतो, याच्या नोंदी त्यांनी घेतल्या. हिरा अतिशय थंड करून त्याचा अंधूक वर्णपट छायाचित्रण-काचेवर उमटवायला १५ ते २० तास लागत. अशा अनेक रात्री त्यांनी प्रयोगशाळेतच काढल्या.

१९४२ ते १९४५ या काळात त्यांनी एकट्याच्या नावावर पाच शोधनिबंध प्रसिद्ध केले आणि ऑगस्ट १९४५ मध्ये डॉक्टरेटसाठी मद्रास विद्यापीठाकडे प्रबंध सादर केला. विद्यापीठाने पदवी नाकारली. ॲना मणी यांच्याकडे एम. एस्सी. नाही, हे कारण पुढे करण्यात आले. ऑनर्स पदवीच्या बळावरच त्यांना संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली होती, याकडे दुर्लक्ष झाले. पूर्ण झालेला तो प्रबंध बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेच्या ग्रंथालयात राहिला. ॲना मणी यांच्या नावामागे डॉक्टर ही उपाधी कधीच लागली नाही. त्याबद्दल कडवटपणा त्यांनी बाळगला नाही; कागदी पदवीवाचून आपले काही अडले नाही, अशीच त्यांची भूमिका राहिली. तरीही झालेला अन्याय अन्यायच होता.

या प्रसंगाने त्यांच्या आयुष्याला वळण दिले. उच्च शिक्षणासाठी इंग्लंडला जाण्याची सरकारी शिष्यवृत्ती त्यांना मिळाली. १९४५ मध्ये सैनिकांना नेणाऱ्या जहाजातून त्या निघाल्या. भौतिकशास्त्रातच संशोधन करण्याची त्यांची इच्छा होती. परंतु लंडनच्या इंपीरियल कॉलेजात पोहोचल्यावर हवामानशास्त्रीय उपकरणांच्या प्रशिक्षणाचीच जागा उपलब्ध असल्याचे कळले. त्यांनी ती स्वीकारली. तापमापक, वायुभारमापक, पर्जन्यमापक ही उपकरणे कशी बनतात, कशी तपासली जातात आणि कशी चुकतात, हे त्यांनी तेथे शिकून घेतले. हिऱ्यातून जाणाऱ्या प्रकाशाची अभ्यासक वातावरणातून येणाऱ्या प्रकाशाकडे वळली ती अशी.

सिमला ऑफिसातील कार्यशाळा

१९४८ मध्ये त्या स्वतंत्र भारतात परतल्या आणि पुण्यात हवामान खात्यात रुजू झाल्या. शिवाजीनगरच्या ज्या दगडी वास्तूला पुणेकर आजही सिमला ऑफिस म्हणतात, ती या खात्याची. खात्याचे मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्याला आले आणि हे नाव कायमचे चिकटले. मुख्यालय पुढे दिल्लीला गेले, तरी उपकरणांचे काम पुण्यात राहिले. एस. पी. वेंकटेश्वरन या विभागाचे प्रमुख होते आणि हवामानाची उपकरणे देशातच घडविण्याचा त्यांचा निर्धार होता.

परिस्थिती सोपी नव्हती. तोपर्यंत साध्या उपकरणांसाठीही देश ब्रिटनवर अवलंबून होता. एखादा नाजूक भाग बिघडला, की तो सातासमुद्रापलीकडून येईपर्यंत नोंदी बंद पडत. कुशल कारागीर कमी, यंत्रसामग्री अपुरी, हव्या त्या प्रतीचे धातू आणि काच मिळण्याची मारामार. अशा स्थितीत ॲना मणी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे १०० हवामान उपकरणांची प्रमाण रेखाचित्रे तयार केली. कोणता भाग किती मापाचा असावा, त्यात किती फरक चालेल आणि तयार झालेले उपकरण कोणत्या कसोट्यांवर उतरले पाहिजे, हे सारे त्यात ठरवून दिले होते. त्या आधारे देशात उत्पादन सुरू झाले.

१९५३ पर्यंत त्या या विभागाच्या प्रमुख झाल्या. त्यांच्या हाताखाली शंभराहून अधिक पुरुष कर्मचारी होते. स्त्रीने यंत्रशाळेत हुकूम सोडावेत, हे त्या काळी सरावाचे नव्हते. मात्र कामाच्या दर्जापुढे अधिकार गाजविण्याची गरज त्यांना भासली नाही. स्त्री असण्याचा बाऊ करणे त्यांना पसंत नव्हते आणि त्याबद्दलचे कौतुकही नको असे. त्यांचा कटाक्ष एकाच गोष्टीवर होता. चुकीचे मोजमाप घेण्यापेक्षा मोजमाप न घेतलेले बरे, ही त्यांची ठाम धारणा होती. मोजले नाही, तर आपल्याला ठाऊक नाही एवढे तरी कळते. चुकीचे मोजले, तर अज्ञानालाच ज्ञान समजण्याची पाळी येते.

सूर्यप्रकाशाचा हिशेब

१९५७-५८ हे आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्ष म्हणून पाळण्यात आले. १ जुलै १९५७ ते ३१ डिसेंबर १९५८ या दीड वर्षात जगभरच्या शास्त्रज्ञांनी पृथ्वीची एकाच वेळी मोजणी हाती घेतली. त्यानिमित्ताने ॲना मणी यांनी देशभर सौर प्रारण मोजणाऱ्या केंद्रांचे जाळे उभारले. सुरुवातीला उपकरणे परदेशी होती. लवकरच त्यांची रचना आणि निर्मिती पुण्यात होऊ लागली.

या उपकरणांत एक होते थेट सूर्यकिरणांची तीव्रता मोजणारे. लांब नळीच्या तळाशी उष्णता ओळखणारी काळी पट्टी असते. नळी नेमकी सूर्याकडे रोखली, की फक्त सूर्यबिंबाकडून आणि त्याच्या लगतच्या आकाशातून येणारा प्रकाशच पट्टीवर पडतो. वातावरणाच्या माथ्यावर किती प्रकाश पोहोचतो हे माहीत असते. जमिनीवर त्यातला किती उतरला, हे नळी सांगते. वजाबाकी केली, की वाटेत किती हरवला ते कळते.

हा हरवलेला प्रकाश जातो कुठे? काही भाग हवेचे रेणू विखरून टाकतात. आकाशाचा निळा रंग त्यामुळेच. काही पाण्याची वाफ आणि ओझोन वायू शोषून घेतात. या साऱ्यांचा हिशेब भौतिकशास्त्राच्या नियमांनी मांडता येतो. तो वजा केल्यावर जो तोटा उरतो, त्याला जबाबदार असतात हवेतील धूळ, धूर आणि अन्य सूक्ष्म कण. स्वीडनचे शास्त्रज्ञ अँडर्स अँगस्ट्रॉम यांनी १९२९ मध्ये या उरलेल्या तोट्यावरून हवेचा गढूळपणा दाखविणारा गुणांक मांडला होता. स्वच्छ हवेत तो ०.१ किंवा त्याहून कमी असतो; ०.२ च्या पुढे गेला, की हवा गढूळ समजावी.

येथे आणखी एक युक्ती होती. नळीच्या तोंडाशी पिवळी किंवा लाल काच बसविली, की प्रकाशाचा निळा भाग अडतो. काचेसह आणि काचेविना घेतलेल्या नोंदींची तुलना केली, की कोणत्या रंगाचा प्रकाश किती अडला हे समजते. धुराचे बारीक कण निळा प्रकाश अधिक अडवितात. वाळवंटातून आलेली जाड धूळ सर्व रंगांना जवळपास सारखेच अडविते. म्हणजे कण किती आहेत एवढेच नव्हे, तर ते साधारण बारीक आहेत की जाड, याचाही अंदाज सूर्याकडे रोखलेल्या एका नळीतून मिळू लागला.

ॲना मणी यांनी ओ. चाको आणि एस. हरिहरन या सहकाऱ्यांसह भारतातील सौर प्रारणाच्या नोंदींवरून हा गढूळपणा अभ्यासला. त्यांचा शोधनिबंध १९६९ मध्ये टेलस या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. भारतातील हवेत तरंगणाऱ्या कणांचा इतक्या शिस्तीने, एकाच पद्धतीने आणि परस्परांशी ताडून पाहिलेल्या उपकरणांच्या आधारे घेतलेला हा आरंभीच्या शोधांपैकी एक होय. उन्हाळ्यातील धूळ, पावसाने धुतलेले आकाश, हिवाळ्यातील धुरकट सकाळ या साऱ्यांना त्यामुळे आकड्यांची भाषा मिळाली.

या पद्धतीची मर्यादाही ध्यानात घ्यायला हवी. जमिनीपासून आकाशापर्यंतच्या साऱ्या हवेतील कणांची ती बेरीज असते. माणूस श्वास घेतो ती नाकाजवळची हवा. उंचावरून धुळीचा लोट जात असेल, तर गढूळपणा वाढतो. रस्त्यावरच्या हवेत कदाचित फरक पडत नाही. शिवाय ढग असतील, तर ही नोंद घेताच येत नाही. म्हणूनच शहरांतील हवेसाठी दुसरी पद्धत आवश्यक होती.

गाळण-कागदाची कसोटी

ती दुसरी पद्धत दिसायला सोपी आहे. ठराविक वेगाने हवा खेचून ती गाळण-कागदातून सोडायची. कागदाचे वजन आधी आणि नंतर करायचे. वाढलेल्या वजनाला खेचलेल्या हवेच्या घनमीटरांनी भागले, की एका घनमीटर हवेत किती मायक्रोग्रॅम कण होते हे मिळते. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, म्हणजेच नीरीने, १९७८ मध्ये देशातील १० शहरांत हवेच्या दर्जाची अशी नियमित मोजणी सुरू केली. १९८१ मध्ये हवा प्रदूषण प्रतिबंध कायदा झाला आणि त्यानंतर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे राष्ट्रीय जाळे उभे राहिले.

सोप्या दिसणाऱ्या या पद्धतीत चुकांच्या जागा पावलोपावली आहेत. कागदाने दमट हवेतील ओल शोषली, तर वजन फसवे येते. म्हणून वजनापूर्वी तो ठराविक तापमान व आर्द्रतेत ठेवावा लागतो. पंपाचा वेग कमी झाला आणि ते कोणाच्या लक्षात आले नाही, तर भागाकारच चुकतो. यंत्र झाडाआड ठेवले, तर शहर स्वच्छ ठरते. धूळ उडणाऱ्या फाटकाशी ठेवले, तर अकारण बदनाम होते. ॲना मणी यांनी पर्जन्यमापकापासून किरणमापकापर्यंत ज्या शिस्तीचा आग्रह धरला, तीच शिस्त येथेही लागते.

शहरांच्या धुरापासून दूर असलेली हवा कशी आहे, हे ठाऊक असल्याशिवाय शहराची हवा किती बिघडली हे सांगता येत नाही. त्यासाठी हवामान खात्याने सत्तरच्या दशकात पार्श्वभूमी वायुप्रदूषण नोंदविणारी १० केंद्रे चालविली. त्यांत महाराष्ट्रातील पुणे आणि नागपूर यांचा समावेश होता. पावसाच्या पाण्याचे रासायनिक परीक्षण आणि सूर्याकडे रोखलेल्या प्रकाशमापकाने गढूळपणाची नोंद ही या केंद्रांची कामे होती. पुण्यात पूर्वी रुजलेली सवय अशा रीतीने खात्याच्या नित्यक्रमाचा भाग बनली.

ओझोन, अग्निबाण आणि वारा

ॲना मणी यांचे कुतूहल एका विषयात सामावणारे नव्हते. हवेच्या वरच्या थरांतील ओझोन मोजण्यासाठी फुग्यासोबत सोडायचे उपकरण साठच्या दशकात त्यांच्या पुढाकाराने भारतात तयार झाले. ओझोनच्या थराला भोक पडल्याची वार्ता जगाला १९८५ मध्ये कळली. पण तत्पूर्वीच भारताजवळ स्वतःचे उपकरण आणि वर्षानुवर्षांच्या नोंदी होत्या. पुढे भारतीय बनावटीची ही उपकरणे अंटार्क्टिकावरही वापरली गेली.

डॉ. विक्रम साराभाई यांच्या विनंतीवरून केरळातील थुंबा येथील अग्निबाण केंद्रावर हवामान वेधशाळा आणि उपकरणांचा मनोरा उभारण्याचे काम त्यांनी केले. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी ज्या थुंब्याहून देशाचा पहिला अग्निबाण आकाशात झेपावला, तेच हे केंद्र. १९६९ मध्ये उपमहासंचालक म्हणून त्यांची दिल्लीला बदली झाली आणि दोन दशकांचा पुण्यातील कालखंड संपला. १९७५ मध्ये जागतिक हवामान संघटनेच्या सल्लागार म्हणून त्या इजिप्तला गेल्या. १९७६ मध्ये त्या निवृत्त झाल्या.

निवृत्ती हा त्यांच्यासाठी केवळ कार्यालयातील बदल ठरला. ज्या रामन यांच्या छायेत संशोधनाची सुरुवात झाली, त्यांच्याच नावाच्या बंगळूरच्या संस्थेत त्या अभ्यागत प्राध्यापक झाल्या. १९८० मध्ये भारतातील सौर प्रारणाच्या आकडेवारीची त्यांची संदर्भपुस्तिका प्रसिद्ध झाली. त्यापाठोपाठ १९८३ मध्ये डी. ए. मुळे यांच्यासह पवन ऊर्जेच्या आकडेवारीचे पुस्तक आले. कोणत्या पठारावर वारा किती वेगाने आणि वर्षातील किती दिवस वाहतो, हे कळल्याशिवाय पवनचक्की कोठे उभारावी हे ठरविता येत नाही. आज खानदेशात साक्री तालुक्यातील ब्राह्मणवेलच्या पठारावर फिरणाऱ्या पवनचक्क्या पाहताना, देशातील वारा आधी कोणीतरी चिकाटीने मोजला होता याची आठवण ठेवायला हवी. वाऱ्याचा वेग आणि सूर्याची ऊर्जा मोजणारी उपकरणे बनविण्याचा छोटा उद्योगही त्यांनी बंगळूरला उभारला.

१९८७ मध्ये भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमीने त्यांना के. आर. रामनाथन पदक देऊन गौरविले. त्या अविवाहित राहिल्या. निसर्गभ्रमण, वाचन आणि संगीत हे त्यांचे विरंगुळ्याचे विषय. १९९४ मध्ये पक्षाघाताने त्यांच्या हालचालींवर बंधने आली. १६ ऑगस्ट २००१ रोजी तिरुवनंतपुरम येथे त्यांचे निधन झाले. ८३ वा वाढदिवस अवघ्या आठवड्यावर आला होता.

आकडे वाढले, विश्वास?

त्यांच्या पश्चात मोजणीचे जग पार बदलले. पूर्वी हवेतील एकूण तरंगत्या कणांचे वजन केले जाई. नंतर लक्ष बारीक कणांकडे वळले, कारण नाकातील केसांना चुकवून फुप्फुसाच्या तळापर्यंत तेच पोहोचतात. २.५ मायक्रॉन वा त्याहून लहान असलेला कण माणसाच्या केसाच्या जाडीच्या साधारण विसाव्या-तिसाव्या हिश्शाएवढा असतो. २००९ मध्ये भारताने अशा कणांसाठी वार्षिक सरासरी ४० आणि २४ तासांसाठी ६० मायक्रोग्रॅम प्रतिघनमीटर अशी मर्यादा निश्चित केली. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये आपली शिफारस वार्षिक ५ आणि २४ तासांसाठी १५ पर्यंत खाली आणली. या दोन आकड्यांमधील अंतर नागरिकांच्या श्वासाशी निगडित आहे.

पुण्याने या क्षेत्रातील आपले स्थान कायम राखले. येथील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने हवेच्या दर्जाचा अंदाज देणारी सफर ही प्रणाली विकसित केली. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या वेळी ती दिल्लीत सुरू झाली. २०१३ मध्ये पुण्यात आणि २०१५ मध्ये मुंबईत आली. याच संस्थेत सूर्याकडे आपोआप वळून गढूळपणा नोंदविणारे आधुनिक प्रकाशमापकही काम करू लागले. उपकरण नवे, संगणक नवे. तत्त्व मात्र तेच. उपग्रहही वरून हाच गढूळपणा पाहतात आणि त्यांचे आकडे बरोबर आहेत की नाहीत, हे ठरविण्यासाठी जमिनीवरील नोंदींचाच आधार घ्यावा लागतो.

दुसरीकडे स्वस्त संवेदकांचा सुळसुळाट झाला. प्रकाशाचा झोत टाकून कणांवरून विखुरलेला प्रकाश मोजणारी ही छोटी यंत्रे सोसायटीच्या गच्चीवर किंवा शाळेच्या आवारातही बसविता येतात. मोजणी लोकांच्या हाती आली, ही चांगलीच गोष्ट. परंतु पावसाळ्यात दमट हवेमुळे कण फुगतात आणि यंत्र त्यांचे प्रमाण वाढवून सांगते. झोत अंधूक झाला किंवा भिंगावर धूळ बसली, की वर्षभरात आकडा भरकटतो. प्रमाणभूत यंत्राशेजारी ठेवून ताडून पाहिल्याखेरीज अशा यंत्रावर विसंबणे धोक्याचे ठरते.

प्रश्न केवळ शास्त्रज्ञांपुरता नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईची हवा इतकी बिघडली, की उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली आणि बांधकामांवर निर्बंध आले. एखाद्या आकड्यावरून बांधकामे थांबतात, मजुरांचा रोज बुडतो, मुलांना घरात बसविले जाते. आकडा प्रत्यक्षाहून कमी आला, तर दम्याचा रुग्ण निर्धास्तपणे फिरायला बाहेर पडतो. अधिक आला, तर कोणाच्या तरी चुलीवर पाणी पडते. फिरून फिरून तोच आकडा खोटा ठरला, तर लोकांचा मोजणीवरचा विश्वासच उडतो. मग खऱ्या इशाऱ्याकडेही कोणी लक्ष देत नाही. चुकीचे मोजमाप न मोजण्यापेक्षा वाईट, या ॲना मणी यांच्या धारणेचा अर्थ येथे उमगतो.

त्यांनी हयातीत हवा स्वच्छ करण्याची कोणतीही मोहीम चालविली नाही. धुरांड्यांविरुद्ध आंदोलन केले नाही. देशाच्या हाती एक सरळ माप द्यावे, एवढेच त्यांनी केले. मात्र सरळ माप नसेल, तर कोणत्याही मोहिमेला यश आले की अपयश, हे सांगणार कोण? २०१९ पासून राबविल्या जाणाऱ्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात शहरांना धूलिकणांत घट करण्याची उद्दिष्टे देण्यात आली. ती गाठली गेली की नाही, याचा निवाडा अखेर गच्चीवरच्या यंत्राकडे आणि ते वेळेवर तपासणाऱ्या माणसाकडेच जातो. हा तपासणारा माणूस सहसा बातमीत येत नाही. पदवी नाकारली गेलेल्या, हौसेने निवडलेला विषय हातून सुटलेल्या ॲना मणी यांनी त्याच अप्रसिद्ध कामाला प्रतिष्ठा मिळवून दिली.

पुढचा पाऊस होऊन गेला, की तळोद्याहून सातपुडा पुन्हा स्पष्ट दिसू लागेल. अस्तंब्याची वाट चढणाऱ्यांना हवा निवळल्याचे सांगायला यंत्राची गरज भासणार नाही. पण यंदाचा डोंगर १० वर्षांपूर्वीच्या डोंगराइतकाच स्वच्छ दिसतो का, हे स्मरणशक्तीला सांगता येत नाही. डोळे नव्या पडद्याला सरावतात. सवयीने पुसट झालेली ही रेघ जपून ठेवण्याचे काम नोंदवहीचे, आणि त्या नोंदवहीवर विश्वास ठेवता यावा यासाठीच ॲना मणी आयुष्यभर झटल्या.